चारी चाकं वर

ऊसतोड सुरू झाली की चलथाणच्या बाजूचं धुकं नुसतं पांढरं राहत नाही, त्याला वास येतो. कारखान्याच्या मळीचा, गोडसर आणि थोडा आंबलेला. अशा धुक्यातून सोनाली क्रेन हाकत कडोदऱ्याकडं परत निघाली होती. सकाळपासून पोटात चहाचा थेंब गेलेला नव्हता, त्यामुळं तिचं डोकं मुळातच फिरलेलं होतं.

कालव्याच्या मोरीपाशी तिला ती गाडी दिसली. काळी, परदेशी आणि इतकी बुटकी की उभी आहे की बसली आहे हे कळू नये. इंडिकेटर लुकलुकत होते. ड्रायव्हरची जागा रिकामी होती. डावीकडं एक तरुण बसला होता, अंग वळवून, रिकाम्या सीटकडं तोंड करून... आणि त्याचे ओठ हलत होते.

सोनालीनं क्रेन थांबवली, खाली उतरली आणि काच वाजवली. तो दचकला.

"कोणाशी बोलत होता?"

"फोनवर."

फोन डॅशबोर्डवर उलटा पडलेला होता. सोनालीनं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. रस्त्यावर बंद पडलेली माणसं काय काय करतात याचा तिला चांगला अनुभव होता. वडिलांची, लोटू पाटलांची, कंबर गेल्यापासून कडोदऱ्याच्या नाक्यावरचा टोइंगचा धंदा तीच बघत होती. पोरगी क्रेन चालवते म्हणून आधी हसणारेच आता तिचा नंबर जपून ठेवत होते.

"लावू हूक?"

"हूक नको." तो घाईघाईनं बाहेर आला. उंच होता, आणि एवढा उंच माणूस एवढ्या बुटक्या गाडीतून बाहेर येताना पाहून तिला हसू आलं. "हिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर आहे. दोन उचलली आणि दोन रस्त्यावर फिरवली, तर पोटातला गिअरचा डबा जळतो. आणि हे बघा—" त्यानं बंपरखाली हात घातला. मूठ जेमतेम जात होती. "हूक लावला तर तोंडच फुटेल. हिला चारी चाकं वर घेऊनच न्यायचं, फ्लॅटबेडवर."

"माहीत आहे मला. धंदा आहे हा आमचा, नाद नाही."

"मग आहे का फ्लॅटबेड, मॅडम?"

"आहे. नाक्यावरून घेऊन येते. आणि मॅडम नाही, सोनाली."

"मी योगराज."

"बरं, योगराजभाई, थांबा इथंच."

"थांबतो. पण ते भाई..."

"सुरतेत सगळेच भाई असतात."

"सगळ्यांना म्हणा की... मला तेवढं वगळा."

सोनालीनं वळून पाहिलं नाही. पण क्रेनमध्ये चढताना तिनं आरशात आपली वेणी नीट केली, हे काही लपवण्यासारखं नव्हतं.

ती फ्लॅटबेड घेऊन परत आली तेव्हा धुकं थोडं विरळ झालं होतं. बुटकी गाडी फ्लॅटबेडच्या उतारावर चढवायची म्हणजे नाजूक काम. नुसती ओढली तर नाक घासतं, म्हणून चाकांखाली लाकडी फळ्या सरकवून चढ लांबवावा लागतो. दोघं ओल्या रस्त्यावर पालथे पडून फळ्या लावत होते. मध्येच दोघांची डोकी इतकी जवळ आली, की त्याचा श्वास तिच्या कानाला लागला.

"खरचटली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्या गाडीवर चढल्यापासून उतरेपर्यंत हिला जे होईल, त्याची जबाबदारी माझी. शब्द देते."

"शब्द बिब्द कशाला? पावती द्या."

"पावतीवर सगळेच लिहून देतात."

मग सोनालीनं उठून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आत वाकून गिअर न्यूट्रलला टाकला, आणि आधारासाठी दुसरा हात सीटवर टेकवला. सीट उबदार होती. थंडीचे दिवस, धुकं, गाडी सकाळपासून बंद... आणि माणूस नुकताच उठून गेल्यासारखी ती सीट उबदार होती.

"आत्ता बसला होता का इथं?"

"मी? नाही. गाडी बंद पडली की मी तिकडं जाऊन बसतो, डावीकडं."

"का?"

"सवय." एवढंच बोलून तो फळ्या गोळा करायला लागला.

कडोदऱ्याला त्याच्या भावाचं एम्ब्रॉयडरी मशिनांचं शेड होतं, गाडी तिथं न्यायची होती. वाटेत तो सोनालीच्या शेजारी बसला होता. गाडी दादाची, म्हणाला. दादानं हौसेनं घेतली, हौसेनं आणखी बुटकी करून घेतली, सुरतेच्या स्पीडब्रेकरांना शिव्या देत चालवली.

"आणि दादा कुठं असतो?"

योगराजनं मागं वळून काचेतून गाडीकडं पाहिलं. "असतो की. इथंच असतो."

*

त्यानंतर त्या गाडीला काय रोग जडला देव जाणे. शेडमध्ये किल्ली फिरवली की एका आवाजात चालू. मिस्त्रीनं सगळं उघडून बघितलं, काही सापडलं नाही. पण योगराज ती घेऊन नवागामला घरी जायला निघाला, की त्याच कालव्याच्या मोरीपाशी येऊन ती गप्प व्हायची. मग सोनालीचा फोन वाजायचा. मग फ्लॅटबेड, फळ्या, ओला रस्ता... आणि गाडी पुन्हा शेडवर.

सोनाली त्याला सोडत नव्हती. "खरं सांग, मुद्दाम बंद पाडतोस ना?" एव्हाना 'तुम्ही' रस्त्यात कुठंतरी गळून पडलं होतं. "भेटायचं असेल तर सरळ चहाला बोलवावं माणसानं. बिचाऱ्या गाडीला कशाला मारतोस?"

"चहाला बोलावलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग?"

ती लाजत बिजत नव्हती, पण त्या दिवशी पट्टे आवळताना तिनं एक पट्टा दोनदा आवळला आणि एक विसरली. योगराजनं तो विसरलेला पट्टा स्वतः आवळला आणि चकार शब्द काढला नाही. त्याचं हे चकार शब्द न काढणंच तिला सर्वांत जास्त आवडायला लागलं होतं. तो फोनवर मात्र बोलायचा, आणि छान बोलायचा. मशिनवर कुठल्या साडीची कुठली वेल पडतेय, कुठल्या वेलीतलं एक पान नेहमी चुकतं, असलं काहीबाही सांगायचा. ती फोन ठेवायची तेव्हा तिच्या गालांना दुखायला लागलेलं असायचं, इतकी ती हसलेली असायची.

पण तो वाळत चालला होता. शर्टाच्या कॉलरमधून गळ्याची हाडं दिसायला लागली होती. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि मान किंचित उजवीकडं करायचा, कोणी हाक मारल्यासारखी. मिस्त्रीनं तिला एकदा सांगितलं, "दीदी, तो रोज शेडमध्ये त्या गाडीत जाऊन बसतो. डाव्या सीटवर. जेवणसुद्धा तिथंच."

मग ती सकाळ आली. धुकं इतकं दाट होतं, की फ्लॅटबेडचं स्वतःचं नाक तिला दिसत नव्हतं. गाडी नेहमीच्या जागी उभी. योगराज डाव्या सीटवर झोपला होता. सगळ्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. सगळ्या काचा... पण ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर तळव्याएवढा गोल पुसलेला होता. गाडी चालवणारा माणूस रस्ता दिसावा म्हणून पुसतो ना, तसा. आतून.

सोनाली तो गोल बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर त्यावर हळूहळू पुन्हा वाफ धरू लागली, कोणीतरी श्वास सोडत असल्यासारखी. तिनं काच वाजवली नाही. ती मोरीपलीकडच्या चहाच्या गाडीवर गेली, कारण तिला तातडीनं एखाद्या जिवंत माणसाजवळ उभं राहायचं होतं.

चहावाली धुरपदाबाई तिच्याकडं बघतच होती. नांदेडकडची बाई, कितीतरी वर्षं इथं. तिनं ग्लास पुढं केला.

"एक इचारू का, पोरी? मेलेल्या मानसाची गाडी तू अशी चारी चाकं वर घेऊन कशी काय नेतीस?"

"कोण मेलं?"

"त्याचा भाऊ की. धर्मेंद्र. दिवाळीच्या आधी. हितंच गाडी बाजूला घेतली, बंद केली आन् बसल्या जागी गेला. काळीज थांबलं म्हने. म्याच काच वाजिवली. मला वाटलं, निजलाय."

चहा गरम होता, पण सोनालीच्या हातांना ते कळत नव्हतं. दादा कुठं असतो? असतो की, इथंच असतो.

*

गाडी नेहमीसारखी शेडवर सोडून आल्यावर आबांना तिनं संध्याकाळी विचारलं. लोटू पाटील खाटेवर पडून होते, ते ऐकता ऐकता उठून बसले. कंबर धरून उठले, फ्लॅटबेडची किल्ली खिळ्यावरून काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

"चारी चाकं वर जास ती तिरडी, पोरी. गाडी नही."

मग त्यांनी सांगितलं. हा त्यांच्या उस्तादानं घालून दिलेला नेम होता, नाक्यावरचे जुने क्रेनवाले सगळे पाळायचे. ज्या गाडीत माणूस गेला, ती जमिनीवरून पुरती उचलायची नाही. दोन चाकं रस्त्याला लागलेली ठेवायची आणि सावकाश त्याच्या घराच्या दारात न्यायची. तिथं घरच्यानं दार उघडून त्याला उतर म्हणायचं. मग ती गाडी विका, भंगारात घाला, चारी चाकं वर न्या, काय वाटेल ते करा.

"गाडीमा बठेल माणूस उतरी कसा, चाकं वर राहिनात तर?" आबा म्हणाले. "तो घर जायाले निंघस. आनि तुम्ही त्याले उचली उचलीसन परत शेडवर टाकतस."

"आबा, ती गाडी वेगळी आहे. दोन चाकं खाली ठेवली तर तिचा डबा जळेल. मी शब्द दिलाय."

"मी सांगी दिधं," आबा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

सोनाली भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. रात्री-अपरात्री तिनं अपघातातल्या गाड्या उचलल्या होत्या, तिला कधी काही दिसलं नव्हतं. त्या रात्री ती भुताचा विचार करतही नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर ती गळ्याची हाडं होती. भूत असो की नसो, तो माणूस त्या डाव्या सीटवर मुरत चालला होता, हे तर खरं होतं ना? आज जेवण तिथं, उद्या झोप तिथं. एक दिवस ती काच वाजवेल आणि तो उठणारच नाही. हे मनात आलं तेव्हा तिच्या छातीत असं काही कळवळलं, की तिचं तिलाच कळून चुकलं. तिला हा माणूस हवा होता. जिवंत, वेलीतलं चुकलेलं पान सांगणारा, तिचा.

*

पुढचा फोन दुपारच्या आधी आला.

"सोनाली, गाडी पुन्हा उभी राहिली. पण मी रिक्षानं शेडवर आलोय, मशिनवर घोळ झालाय. किल्ली धुरपदाबाईकडं आहे. तू नेऊन लाव ना शेडवर."

"गाडी सोडून आलास?"

"तू आहेस म्हणून सोडली. दुसऱ्या कोणावर नसती सोडली."

हे वाक्य त्यानं सहज म्हटलं, आणि तिच्या काळजात ते सुईसारखं गेलं.

फ्लॅटबेडची किल्ली आबांच्या खिशात होती. ती भांडून घेता आली असती. आबांशी ती याहून मोठ्या गोष्टींवरून भांडली होती आणि जिंकलीही होती. त्या दिवशी तिनं मागितलीच नाही. तिनं क्रेन काढली.

मोरीपाशी तिनं बंपरखाली लाकडाचे तुकडे दिले, पट्टे आतल्या दांड्यांना घातले, जमेल तेवढं सांभाळलं. तरी बंपरच्या पुढच्या ओठाचा एक तुकडा कडकन तुटून खाली पडला. तिनं तो उचलून आपल्या सीटवर ठेवला. काळी गाडी पुढून उचलली गेली, मागची दोन चाकं रस्त्यावर राहिली. धुरपदाबाईनं लांबूनच हात जोडले. कोणाला, ते सोनालीनं विचारलं नाही. तिनं क्रेन कडोदऱ्याकडं न वळवता नवागामकडं वळवली.

थोडं पुढं गेल्यावर तिनं आरशात पाहिलं.

गाडीची उचललेली चाकं फिरत होती. हवेत, कशालाही न टेकता, संथपणे फिरत होती, वरती कोणीतरी गाडी चालवत असल्यासारखी. यामागचं कारण सोनालीला पाठ होतं. मागची चाकं रस्त्यावर फिरली, की त्यांचा जोर मधल्या डब्यातून पुढच्या चाकांना पोचतो. डबा जळतो तो याच ओढाताणीनं. पण कारण माहीत असणं आणि अंगावर काटा न येणं यांचं काही फारसं जमत नाही.

वळणं आली तेव्हा मात्र तिची कारणं संपली. ती स्टिअरिंगला हात लावायच्या आधी ती लोंबणारी चाकं वळायची. डावं वळण आलं की डावीकडं, उजवं आलं की उजवीकडं. आधी चाकं, मग ती. दिंडोलीच्या पुढं गल्ल्या सुरू झाल्या. नवागामात योगराजचं घर कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कोणाला तरी विचारावं असं तिच्या मनात होतं. तिनं आरशात पाहिलं. चाकं डावीकडं वळली होती... तिनंही क्रेन डावीकडं घेतली.

आता जळक्या तेलाचा वास यायला लागला होता. थांबली असती तर अजून काहीतरी वाचलं असतं. मी शब्द मोडतेय, ती स्वतःला म्हणाली, समजून उमजून मोडतेय. आणि ती थांबली नाही.

नवागामात वीज गेली होती. एरवी कानठळ्या बसवणारे लूम सगळे गप्प होते, आणि त्या गप्प गल्लीत मागच्या चाकांचा रडल्यासारखा आवाज तेवढा येत होता. एका दारापुढं ती चाकं सरळ झाली आणि फिरायची थांबली. क्रेन अजून चालूच होती. तिनं ब्रेक दाबला.

दारात एक म्हातारी उभी होती, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. योगराजची आई, सुंदराबाई. तिला कोणी कळवलं नव्हतं.

"लई उनी का त्याले, बेटा?" तिनं विचारलं. आणलंस का त्याला, एवढंच.

"हो, आई," सोनाली म्हणाली, आणि तिनं योगराजला फोन लावला.

*

तो रिक्षातून उतरला तो धावतच. आधी गाडीभोवती फिरला. तुटलेला ओठ पाहिला, वाकून खाली पाहिलं. पोटातून काळं तेल गळत होतं, त्याचा जळका वास गल्लीभर पसरला होता. मग तो सोनालीपुढं येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं.

"मी काय सांगितलं होतं पहिल्या दिवशी?"

"चारी चाकं वर."

"मग?"

"दोन खाली ठेवली. माहीत असून ठेवली. डबा जळालाय. जबाबदारी माझी."

"का?"

"कारण तुझा दादा गेलाय, योगराज. आणि तू मला सांगितलं नाहीस."

शेजारपाजारची दारं अर्धवट उघडली होती.

"सांगितलं असतं तर कोणी उचललीच नसती," तो शेवटी म्हणाला. "तीन क्रेनवाल्यांनी नाही म्हटलं होतं. सगळ्यांना तो नेम माहीत आहे. दारात न्या, उतर म्हणा..." त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला. "मला उतर म्हणायचं नव्हतं. त्या गाडीत बसलो की तो असतो गं शेजारी. खरंच असतो. उतर म्हटलं आणि उतरला, तर मग कुठं शोधू त्याला?"

सोनालीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. गल्ली बघत होती, त्याची आई बघत होती. तिनं फक्त त्याच्या मनगटावर हात ठेवला. मनगट थंडगार होतं.

"तो घरी निघाला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "दर वेळी मीच त्याला उचलून परत शेडवर नेलं. त्याला किती दिवस रस्त्यात बसवून ठेवणार आहेस? आणि तू? तू किती दिवस बसणार आहेस त्याच्याशेजारी? मी रोज काच वाजवायला येते, योगराज. मला भीती वाटते, एक दिवस तू उठणार नाहीस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

तिनं क्रेनची दांडी ओढली आणि गाडी हळूहळू खाली घेतली. चारही चाकं दारातल्या जमिनीला टेकली. सुंदराबाई पुढं झाली, ड्रायव्हरच्या बाजूला भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी घातलं. मग बाजूला सरकून मुलाची वाट बघत उभी राहिली.

योगराजनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. मग तो वाकला आणि घरच्या बोलीत, लहानपणी बोलत असेल तशा आवाजात म्हणाला,

"दादा... घर उनं. उतर आते."

काहीच झालं नाही. आणि मग, सगळ्यांच्या देखत, गाडीची उजवी बाजू कुरकुरली आणि बोटभर वर आली. बुटक्या गाडीतून जड माणूस उतरला की ती येते तशी. सोनालीच्या खांद्याजवळून थंड हवेची एक झुळूक गेली, तिला मळीचा वास होता. सुंदराबाईनं पदर सावरला, दारातून थोडी बाजूला झाली, आत जाणाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि मग तीही आत गेली.

योगराज उंबऱ्यावर बसला आणि रडला. दादा गेल्यावरसुद्धा रडला नव्हता म्हणे, असं नंतर शेजारच्या बायका सांगत होत्या. सोनाली त्याच्या शेजारी बसली, चार बोटं अंतर ठेवून. त्याचं रडणं संपलं तेव्हा ते अंतर राहिलेलं नव्हतं.

"दुरुस्त होईल?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बहुतेक नाही. जे होईल ते मी भरून देईन."

"मी लपवलं, म्हणून हे झालं. अर्धं माझं."

"नाही. तू स्पष्ट सांगितलं होतंस, शब्द मी दिला होता. पूर्ण माझं."

"भांडतेस कशाला? मी अर्धं घेतो म्हणतोय."

"घ्यायचं नाही."

त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "राग आहे मला तुझा. खरंच आहे."

"असू दे की."

"लवकर जाणार नाही."

"किती दिवस?"

"काय माहीत... रोज तुझ्या नाक्यावर येऊन बघावं लागेल, गेला की आहे."

"ये." सोनाली गाडीकडं बघत म्हणाली, त्याच्याकडं बघायचं तिला धैर्य होत नव्हतं. "आणि गेला तर?"

"तरी येईन," योगराज म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. त्या गाडीत बसून मी दादाला दुसरं सांगत तरी काय होतो?"

सोनालीच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण हा वेगळा होता. तिनं त्याचा हात घट्ट धरला. तो हात आता गरम होता.

आतून भांड्यांचा आवाज आला आणि सुंदराबाईनं हाक मारली. दोघं उठून आत गेले. स्वयंपाकघरात चटईवर तीन ताटं वाढलेली होती. कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. सोनाली दारातच थांबली.

"पाहुण्यांसाठी आधीच वाढलं, आई?"

योगराजनं मान हलवली. "आई रोजच तीन वाढते. दादा गेला त्या दिवसापासून. जेवणं झाली की ते तिसरं ताट मी झाकून ठेवतो."

सुंदराबाईनं ते तिसरं ताट उचललं, चटईवर आपल्याजवळ जागा केली आणि ताट तिथं ठेवलं. मग सोनालीकडं पाहून म्हणाली, "बस बेटा. थंडं व्हई जाई."

सोनालीनं योगराजकडं पाहिलं. त्यानं पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला. ती मांडी घालून बसली, ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागली.